‘साखर बॉर्डरवर आहे’ म्हणजे काय? चिठ्ठीवरचा आकडा कसा वाचायचा



मागच्या काही महिन्यांत आपल्या प्रभागातल्या बऱ्याच गावांत आरोग्य शिबिरं झाली. बोटाला सुई टोचली, यंत्रावर आकडा आला, तो चिठ्ठीवर लिहून हातात मिळाला. आता गटाच्या बैठकीला गेले की हिशोब संपता संपता कुणाच्या तरी पिशवीतून, पासबुकाच्या घडीतून ती चिठ्ठी बाहेर निघते. “बघ गं बाई, १५२ लिहिलंय. सिस्टर म्हणल्या बॉर्डरवर आहे. मंग मला शुगर झाली का?”

उत्तर असं आहे, की नुसत्या त्या चिठ्ठीवरून ‘झाली’ असंही म्हणता येत नाही आणि ‘नाही झाली’ असंही नाही. पण मधल्या काळात आपण काय काय करून बसतो बघा. एका गावात एका ताईंनी त्या दिवसापासून भात सोडला, भाकरी अर्ध्यावर आणली आणि दिवसभर भांगलणीला जात राहिल्या. पंधरा दिवसांनी बांधावर चक्कर येऊन बसल्या. दुसऱ्या एकीनं जावेच्या शुगरच्या गोळ्यांतली अर्धी अर्धी गोळी सुरू केली. आणि तिसरीनं चिठ्ठी चुलीत घातली, कारण घरी कळलं तर ‘आता हिचा दवाखाना सुरू’ असं बोलणं ऐकावं लागेल. तिघींपैकी एकीचीही पक्की तपासणी झाली नव्हती. म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात ‘बॉर्डर’ म्हणजे काय ते. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर होऊन ती रक्तात येते. तिथून ती पेशींमध्ये न्यायला इन्शुलिन लागतं. पेशी इन्शुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या किंवा इन्शुलिनच कमी पडायला लागलं, की साखर रक्तात रेंगाळते. हे एका रात्रीत होत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू चढत जातं. साखर नेहमीपेक्षा वर गेलेली आहे, पण मधुमेह म्हणावा इतकी नाही, अशी जी मधली अवस्था असते तिला डॉक्टर प्री-डायबिटीस म्हणतात. आपण बॉर्डरवरची साखर म्हणतो.

या अवस्थेत बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. तहान वाढत नाही, वजन उतरत नाही. “लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मला काही नाही,” असं बऱ्याच मावश्या सांगतात. पण साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. बॉर्डरवरच्या बाईच्या लघवीला मुंग्या लागायचं कारणच नाही. त्यामुळे लघवीच्या तपासणीवरही हे कळत नाही. रक्तच तपासावं लागतं.

आणि हे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या बायकांचं दुखणं आहे असंही समजू नका. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ साली आले. त्यात २० वर्षांवरच्या दर १०० माणसांमागे साधारण १५ जण बॉर्डरवर निघाले. मधुमेहाचं प्रमाण शहरात बरंच जास्त होतं, पण बॉर्डरवरच्या साखरेत शहर आणि खेडं जवळपास सारखं निघालं. म्हणजे आपल्या १२ जणींच्या गटात सरासरीनं एक-दोघी.

शिबिरातलं यंत्र काय सांगतं

बोटाला टोचून बघतात ते ग्लुकोमीटर. हे काम चाळणीसारखं आहे. कुणाची पुढची तपासणी करायची, एवढं ते निवडून देतं. सरकारी तपासणीत ३० वर्षांवरच्या प्रत्येकीची साखर अशी बघतात आणि कधीही खाल्लेलं असताना १४० किंवा त्याहून जास्त आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवतात. त्या १५२ वाल्या ताईंच्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच होता: पुढं जाऊन तपासून घ्या. त्या शिबिरात चहा-बिस्किटं आधी वाटली होती आणि नंबर नंतर लागला होता. खाल्ल्यावर साखर थोडी चढतेच.

शिवाय या यंत्राचा आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा थोडा इकडंतिकडं होऊ शकतो. यंत्र ठीक असलं तरी १५ टक्क्यांपर्यंतचा फरक धरून चालतात. स्ट्रीपची डबी उघडी राहिली, दमट हवा लागली, की आणखी गडबड. आणि एक गोष्ट तर आपल्याच हातात आहे. गुळाला हात लावला, केळं सोललं, ऊस खाल्ला आणि तशीच बोटं पुढं केली, तर बोटावरची साखरही रक्ताच्या थेंबात मोजली जाते. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग बोट द्या. नुसतं पदराला पुसून चालत नाही.

प्री-डायबिटीस आहे का हे ठरवायला दंडातल्या शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये तपासतात. त्याच्या तीन तपासण्या आहेत. प्रत्येकीचा आकडा वेगळा, म्हणून ‘माझी साखर इतकी आली’ एवढं सांगून भागत नाही. कुठल्या तपासणीत आली, ते सांगावं लागतं.

पहिली: उपाशीपोटीची साखर

यात किमान ८ तास पोटात काही गेलेलं नसावं. पाणी चालतं. रात्री नऊला जेवून सकाळी सात-आठला रक्त दिलं, की झालं. आता इथं आपल्याकडं दोन घोटाळे होतात. एक म्हणजे चहा. “काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला.” ताई, त्या चहात दूध आहे, दोन चमचे साखर आहे. ते उपाशीपोट राहिलं नाही. दुसरा घोटाळा ‘उपवास’ या शब्दाचा. उपाशीपोटी या म्हटलं की काहीजणी चतुर्थीचा दिवस धरून येतात आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात. आपल्या भाषेत तो उपवासच आहे, पण लॅबच्या भाषेत ते भरपेट जेवण झालं. चहा झाला असेल, खिचडी झाली असेल, तर न लाजता सांगा आणि दुसऱ्या दिवशी या. चुकीच्या आकड्यापेक्षा एक खेप जास्त झालेली परवडली. मिश्री आणि तंबाखूही रक्त देईपर्यंत नको.

आकडा असा वाचायचा: १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ बॉर्डर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. एक गोंधळ मात्र सांगून ठेवते. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनं बॉर्डर १०० पासून धरली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ११० पासून. त्यामुळे १०४ आकडा असला तर एक डॉक्टर म्हणतील “काही नाही, जा घरी”, दुसरे म्हणतील “बॉर्डरवर आहात.” दोघंही खोटं बोलत नसतात, दोघांची पट्टी वेगळी. माझं म्हणणं, १०० आणि ११० च्या मधे असाल तर घाबरायचं कारण नाही, पण वर्षाच्या आत पुन्हा तपासायची नोंद मात्र करून ठेवा.

अजून एक. काढलेल्या रक्तातल्या पेशी बाटलीतही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या बाटलीत, उन्हाच्या गाडीत रक्त तसंच पडून राहिलं, तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. म्हणून साखरेचं रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात हे खाणं थोपवणारं औषध असतं. तरीही रक्त लवकर लॅबला पोचलेलं चांगलं. गावात रक्त घेऊन तालुक्याला नेणार असतील, तर “करड्या टोपणाची नळी आहे ना? गाडी कधी निघणार?” एवढं विचारायला हरकत नाही. बी-बियाणं घेताना आपण पिशवीवरची तारीख बघतोच की.

दुसरी: ग्लुकोज पाजून दोन तासांनी

ही तपासणी जरा कंटाळवाणी आहे, म्हणून ती कुणी करायला तयार नसतं. पण कितीतरी जणींची उपाशीपोटीची साखर अगदी छान असते आणि खाल्ल्यावर मात्र वर चढून खाली यायचं नाव घेत नाही. अशी बॉर्डर फक्त हीच तपासणी पकडते.

यात उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात आणि बरोबर दोन तासांनी परत रक्त घेतात. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. मधले दोन तास बसून काढायचे. “तेवढ्यात बाजार उरकून येते” असं चालत नाही, कारण चाललं की साखर खर्च होते आणि आकडा खोटा उतरतो. काही खायचं नाही, तंबाखू नाही. ग्लुकोज उलटून पडलं तर लगेच सिस्टरना सांगायचं.

आणि नवरात्राच्या नऊ दिवसांच्या कडक उपवासानंतर लगेच दहाव्या दिवशी ही तपासणी करू नका. आधीचे तीन दिवस तरी रोजच्यासारखं भाकरी-भात खाल्लेलं असावं लागतं. बरेच दिवस कमी खाल्लं असेल, तर शरीर एकदम आलेली साखर नीट हाताळत नाही आणि आकडा उगाच जास्त येतो.

खासगी लॅबमध्ये ‘फास्टिंग-पीपी’ म्हणून जे करतात, त्यात घरून जेवून दोन तासांनी बोलावतात. ते ग्लुकोजच्या तपासणीसारखं नाही. एक जण दोन चपात्या खाऊन येते, दुसरी घाईघाईत अर्धी भाकरी. मोजून दिलेल्या ग्लुकोजशी त्याची तुलना कशी करणार? ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी पीपी उपयोगाची, पण बॉर्डर ठरवायला नाही.

तिसरी: तीन महिन्यांची साखर

हिचं नाव एचबीएवनसी. आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात जितकी साखर फिरली असेल, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. ती मोजली, की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. उपाशी यायची गरज नाही, चहा चालतो, कधीही रक्त द्या. ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. सोपी वाटते ना? म्हणूनच हल्ली शिबिरवाले आणि लॅबची पॅकेजं हीच पुढं करतात.

पण आपल्यासारख्या बायकांसाठी हिच्यात एक मोठी मेख आहे आणि ती कुणी सांगत नाही. ही तपासणी हिमोग्लोबिनवर उभी आहे, आणि आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिनच कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे दिसलेलं आहे आणि आपल्या गटांत बसलं की डोळ्यांनीही दिसतं. अंगात लोह कमी असलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात. जुन्या पेशीला साखर जास्त चिकटलेली असते. मग साखर खरं तर ठीक असूनही ही तपासणी ५.९, ६.० असा आकडा दाखवू शकते. लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नीट घेतल्या, की तोच आकडा काही न करता खाली येऊ शकतो.

उलटंही होतं. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग साखर जास्त असूनही आकडा कमी दिसतो. आपल्या विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल बरंच आहे, तिथल्या ताईंनी हे खास लक्षात ठेवावं. सिकलसेलचं नुसतं वाहक कार्ड असलं, तरी ते डॉक्टरांना आधी दाखवा. नुकतंच रक्त चढवलं असेल, बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये फार रक्त गेलं असेल, किडनीचं दुखणं असेल, तरीही या तपासणीवर एकटीवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून मी तर असं सांगेन. कुणी ‘तीन महिन्यांची साखर’ करायला सांगितली, तर त्याच रक्तात हिमोग्लोबिनही बघायला सांगा. हिमोग्लोबिन कमी निघालं आणि साखर बॉर्डरवर निघाली, तर उपाशीपोटीची किंवा ग्लुकोजची तपासणी करून घेतल्याशिवाय बॉर्डरचा शिक्का मानू नका. आणि ‘साखरेचं नंतर बघू’ म्हणून रक्त कमी असल्याचा उपचार लांबवू नका. तो तर लगेचच करायचा आहे.

गरोदरपणाचं वेगळं

गरोदर बाईसाठी वरचे आकडे लागू नाहीत. तिला पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. यात उपाशी असायची गरज नसते. १४० किंवा जास्त आली तर ती गरोदरपणातली साखर. बाळंतपणानंतर ती बहुतेकींची उतरते आणि सगळे विसरून जातात. बाळाचे डोस आठवणीनं होतात, पण आईची सहा आठवड्यांनंतरची ग्लुकोजची तपासणी राहून जाते. ज्यांना गरोदरपणात साखर निघाली होती, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. सुनेची किंवा लेकीची अशी फाईल घरात पडून असेल, तर आज काढून बघा. बाळ चार वर्षांचं झालं असलं तरी तपासणी करायला उशीर झालेला नाही.

“मी तर काडी आहे, मला कुठली साखर?”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं जन्मताना वजनानं कमी, हातापायांनी बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यांना दिसलं. मोठेपणीही तसंच असतं. हातपाय काटक, पण पोटाभोवती चरबी. म्हणून काट्यावरच्या वजनापेक्षा कंबर मोजलेली बरी. टेप नसेल तर ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे असतेच. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर गेली, की धोका वाढायला लागतो. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात वय, कंबर, तंबाखू, चालणं-फिरणं, आईवडिलांना शुगर आहे का, हे विचारतात ते याचसाठी. घाईघाईत ‘लिही काहीतरी’ म्हणू नका, खरं सांगा.

बॉर्डर पक्की निघाली तर?

आधी एक. दोन तपासण्यांचे आकडे जुळत नसतील किंवा आकडा मधुमेहाच्या घरात गेला असेल आणि अंगाला काहीच त्रास नसेल, तर डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करायला सांगतात. ती करा, पैसे उकळायला सांगितलं असं समजू नका. सरकारी केंद्रात रक्ताचे नमुने कुठल्या वारी जातात, ते आशाताईंना माहीत असतं.

मग बॉर्डरवरून परत येता येतं का? येतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं ग्लुकोजच्या तपासणीत बॉर्डरवर निघालेल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा साधा सल्ला देऊन सोडलं होतं, त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचं खाणं आणि चालणं बदलायला नेटानं मदत केली, त्यांच्यातल्या १०० पैकी ३९ जणांना झाला. १६ जणांचा फरक आहे, आणि तोही भलता खर्च न करता. पण हेही बघा, की काहीच धरून ठेवलं नाही तर निम्म्याहून जास्त जण पुढे सरकले.

खाण्याबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहिणार आहे, आज दोनच गोष्टी. उपाशी राहू नका. भात-भाकरी बंद करायची नाही, भात कमी करून डाळ, उसळ, पालेभाजी वाढवायची आणि चहातली साखर निम्मी करायची. आणि शेतातलं काम होतंच म्हणून चालायची गरज नाही, हे प्रत्येकीला लागू नाही. सुगी संपली की काम बसून होतं, ते दोन-तीन महिने आठवून बघा. गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, जाऊ ठरवणार नाही. तपासणी मात्र वर्षातून एकदा परत, आणि शक्यतो आधी जी केली होती तीच, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

चिठ्ठीवर नुसता आकडा असेल, तर तिथंच पेन मागून तीन गोष्टी लिहून घ्या: तारीख, कुठली तपासणी, आणि शेवटचं कधी खाल्लं होतं. ती चिठ्ठी पासबुकाच्या पिशवीतच राहू द्या, तिथं ती हरवत नाही. पुढच्या महिन्यात मी सगळ्या गटांच्या बैठकांना येणार आहे. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट असतील त्यांनी घेऊन या, गोल करून बसू आणि एकेक आकडा वाचू. ज्यांना चारचौघींत दाखवायचा नसेल, त्यांनी बैठक सुटल्यावर थांबा. माझी एसटी साडेपाचला असते.